फेक्रॅल फॉइलचा कोरा हनीकोंब: ऑक्साईड कॅटलिस्ट चढवायला घ्यावा का?

परीक्षणाची वस्तू अशी: १०० मिमी व्यास, १२७ मिमी लांबी, म्हणजे जवळपास १ लिटरचा, मधाच्या पोळ्यासारख्या आरपार छिद्रांचा ठोकळा (हनीकोंब). आत ५० मायक्रॉन जाडीचं फेक्रॅल (लोखंड-क्रोमिअम-अ‍ॅल्युमिनिअमचा मिश्रधातू) फॉइल, एक सपाट आणि एक नागमोडी पट्टी एकत्र गुंडाळलेली, निकेलच्या भरणीने व्हॅक्यूम ब्रेझिंग (निर्वातात भरणी वितळवून सांधणं) केलेली. चौरस इंचाला २०० छिद्रं. बाहेरून दीड मिमीचं फेरिटिक स्टेनलेसचं कवच. कोरा म्हणजे वॉशकोट (कॅटलिस्ट धरून ठेवणारा सच्छिद्र थर) नाही, प्लॅटिनम नाही, काहीच नाही. हे परीक्षण त्यावर स्वतः अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनिअमचा ऑक्साईड) आणि तांबे-मँगनीजसारखे ऑक्साईड चढवणाऱ्यांसाठी आहे: कोटिंगची छोटी युनिटं, कॉलेजच्या प्रयोगशाळा, पेंट ओव्हन किंवा एनॅमल वायरच्या भट्टीचा धूर जाळणारे, गोदामातल्या एलपीजी फोर्कलिफ्टला कॅटलिस्ट लावणारे.

निकाल आधीच सांगतो. खऱ्या फेक्रॅलचा, नीट ब्रेझ केलेला ठोकळा असेल तर डोळे झाकून घ्या. कंपनं, झटपट तापणं आणि कमी बॅकप्रेशर (धुराच्या वाटेतला अडथळा) या तिन्ही बाबतींत सिरॅमिकपेक्षा तो सरस आहे. पण ‘मेटल हनीकोंब’ म्हणून बाजारात मिळणारं सगळंच फेक्रॅल नसतं. शिवाय खरं फेक्रॅल आणलं आणि भट्टीत चुकीचं तापवलं तरी थर टिकत नाही. दोन्ही गोष्टी फॉइलमधल्या अ‍ॅल्युमिनिअमपाशी येऊन थांबतात, म्हणून बहुतेक लिखाण त्यावरच आहे.

फेक्रॅल म्हणजे लोखंड, सुमारे २० टक्के क्रोमिअम, ५ ते ६ टक्के अ‍ॅल्युमिनिअम आणि अगदी थोडं इट्रिअम, लँथॅनम किंवा सीरिअम. हीटरच्या तारेचं घराणं हेच. स्वीडनमधल्या हालस्टाहामार इथे १९३१ साली स्थापन झालेल्या कांथालने याच मिश्रधातूवर धंदा उभा केला. तापवलं की यातलं अ‍ॅल्युमिनिअम पृष्ठभागावर येऊन अ‍ॅल्युमिनाची घट्ट कातडी बनवतं. हीच कातडी खालच्या लोखंडाला गंजू देत नाही आणि वरच्या वॉशकोटला धरून ठेवते. ते चिमूटभर इट्रिअम किंवा लँथॅनम नसेल तर कातडी येते खरी, पण थंड होताना पापुद्रे सुटतात. त्यामुळे मिल सर्टिफिकेटवर (फॉइल बनवणाऱ्याच्या रचनेच्या दाखल्यावर) नुसतं ‘क्रोमिअम २०, अ‍ॅल्युमिनिअम ५’ पाहून भागत नाही. दुर्मीळ मृदा धातूंची (म्हणजे याच इट्रिअम, लँथॅनम, सीरिअमची) ओळ आहे का ते बघा.

आता हिशोब. ५० मायक्रॉन फॉइलचा एक चौरस सेंटिमीटर सुमारे ३६ मिलिग्रॅम भरतो. त्यात ५ टक्क्यांनी १.८ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम. दोन्ही बाजूंना १-१ मायक्रॉन अ‍ॅल्युमिना वाढवला तर त्यात सुमारे ०.४२ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम जातं. म्हणजे कोटिंगला हात लावण्याआधीच साठ्याचा जवळजवळ पाव भाग संपला. ३० मायक्रॉनचं फॉइल घेतलंत तर तीच एक मायक्रॉनची कातडी ३९ टक्के खाते. साठा एक-दीड टक्क्यावर आला की पुढची कातडी अ‍ॅल्युमिनाची न होता लोखंड-क्रोमिअमची होते आणि फॉइल बघता बघता भुसभुशीत होतं. ‘पातळ फॉइल लवकर तापतं’ हे खरं आहे, पण एक्झॉस्ट ८०० अंशांच्या वर जाणार असेल तर ३० मायक्रॉन घेऊ नका.

याच हिशोबातून एक फार उपयोगी मोजमाप निघतं. अ‍ॅल्युमिनाच्या वजनात ४७ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे ५० मायक्रॉन फॉइलचं वजन १ टक्क्याने वाढलं तर दोन्ही बाजूंना सुमारे १-१ मायक्रॉनची कातडी आली असं समजायचं. आमच्या मते अर्धा ते पाऊण टक्का वाढ पुरेशी आहे. त्याखाली वॉशकोटला पकड मिळत नाही, त्यावर साठा वाया जातो. अख्ख्या ठोकळ्याचं वजन करून मात्र हे कळत नाही, कारण कवचही भट्टीत ऑक्साईड धरतं आणि आकडा फसवतो. ठोकळ्यासोबत त्याच कॉइलची १० सेंमी बाय ५ सेंमी पट्टी ठेवा. ती साधारण १.८ ग्रॅम भरते. पाऊण टक्का म्हणजे १३-१४ मिलिग्रॅम. यासाठी किमान मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा.

फसवणूक कशी ओळखायची? लोहचुंबकाने ३०४ स्टेनलेस पकडता येतं, कारण ते सहसा चिकटत नाही. पण ४०९ आणि ४३० ही स्वस्त स्टेनलेस फेक्रॅलसारखीच चिकटतात, आणि भेसळ त्यांचीच होते. हातात धरायच्या जुन्या एक्सआरएफ गनला (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राला) अ‍ॅल्युमिनिअम नीट दिसत नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका. खात्रीची चाचणी भट्टीच: पट्टी उघड्या हवेत ९०० अंशांवर १० तास. फेक्रॅल बाहेर येतं ते सगळीकडे सारखं, मंद राखाडी, चमक गेलेलं. नखाने खरवडलं तर बोटाला काही लागत नाही आणि पेन्सिलीवर गुंडाळलं तरी पापुद्रा सुटत नाही. ४०९ किंवा ४३०चं इतकं पातळ फॉइल काळपट-तपकिरी होतं, वाकवताच कडकडतं आणि खाली काळी भुकटी पडते. ठोकळा पाठवण्याआधी त्याच कॉइलची सुटी पट्टी मागा. ती द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून माल घेऊ नका.

ब्रेझिंगचा दर्जाही तपासायला हवा. निकेलच्या भरणीत वितळणबिंदू खाली आणायला सिलिकॉन, बोरॉन किंवा फॉस्फरस असतो, आणि भरणी जास्त झाली की ती पातळ फॉइल विरघळवते. वर निकेल आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनिअम ओढून घेतं. भट्टीतून काढल्यावर ठोकळ्याच्या तोंडाकडे दहापट भिंगातून पाहा: नागमोडी आणि सपाट पट्टी जिथे टेकतात तिथे बारीक काळपट ठिपके दिसले तर तिथलं फॉइल अ‍ॅल्युमिनिअमला मुकलं आहे आणि पहिलं भोक तिथेच पडणार. एखाददुसरा ठिपका चालतो. प्रत्येक सांध्याला दिसला तर ठोकळा परत करा. उलट भरणी कमी पडली असेल तर गरम-गार होताना आतली गुंडाळी दुर्बिणीच्या नळीसारखी कवचातून पुढे सरकते. नव्या ठोकळ्याच्या मधोमध लाकडी दांडा ठेवून अंगठ्याने जोर द्या. किंचितही हललं तर तो इंजिनावर टिकणार नाही.

आता मुख्य काम. फॉइल लाटताना लागलेलं तेल गुंडाळीत अडकलेलं असतं, आणि थर सोलून निघण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. ५ टक्के धुण्याच्या सोड्याचं ६० अंशांचं पाणी अर्धा तास छिद्रांतून फिरवा, मग डिस्टिल्ड पाण्याने पीएच ७ होईपर्यंत धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कोरडी हवा. नळाच्या पाण्याने शेवटचा हात फिरवू नका, क्लोराईड राहतं. ट्रायक्लोरोइथिलीनसारखे क्लोरीनयुक्त विद्रावकही याच कारणाने नकोत.

मग पूर्व-ऑक्सिडेशन: मिनिटाला ५ अंश चढवत ९०० अंश, तिथे १० ते १२ तास, भट्टीत हवा खेळती. ठोकळा अ‍ॅल्युमिनाच्या टाइलवर ठेवा. साध्या लोखंडी ट्रेवर ठेवलात तर ट्रेची खपली उडून फॉइलवर बसते आणि तिथे गंजाचे डाग येतात. या तापमानाला कातडी सपाट न राहता तिच्यावर सूक्ष्म पाती आणि सुया उगवतात, आणि वॉशकोट त्यांच्यात गुंतून बसतो. ८०० अंशांखाली कातडी गुळगुळीत राहते. हजाराच्या वर नेलं तर पाती बोथट होतात, कातडी जाड होते आणि साठा जळतो. घाईत ‘दोन तास हजार अंश’ करणाऱ्यांचा थर पुढे का गळतो, याचं उत्तर इथे आहे.

वॉशकोटच्या स्लरीसाठी १ किलोच्या आसपासची चालणारी कृती: लँथॅनम घातलेला गॅमा अ‍ॅल्युमिना ४०० ग्रॅम (१५० ते २०० चौ. मी. प्रति ग्रॅम), बोहमाइट (थर बांधून ठेवणारा, पाणी धरलेला अ‍ॅल्युमिना) ४० ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी ६६० ग्रॅम. सौम्य नायट्रिक अ‍ॅसिडने पीएच ३.५ ते ४ आणा आणि बॉल मिलमध्ये १२ ते १६ तास दळा. दहातले नऊ कण १० मायक्रॉनखाली आले पाहिजेत. २० मायक्रॉनच्या वरचे कण राहिले तर वाळल्यावर रवाळ थर येतो आणि तो हाताला लागतो. अ‍ॅसिड एकदम ओतू नका. पीएच ३च्या खाली गेला की बोहमाइटचा लगदा होतो, आणि मग पाणी घालून पातळ केलेली स्लरी थर धरत नाही. मिल तापली तरी स्लरी घट्ट होते. उन्हाळ्यात मिलच्या भांड्यावर ओलं फडकं तरी ठेवा. बोहमाइट अजिबात न घालता केलेला थर भाजल्यावर खडूसारखा बोटाला लागतो.

ठोकळा उभा बुडवा, मिनिटभर ठेवा, सावकाश वर काढा, मग १ ते २ बारच्या हवेने आधी एका तोंडाने, मग उलटून दुसऱ्या तोंडाने फुंका. दिव्यासमोर धरून बघा: एकही छिद्र मिटलेलं नको, कारण वाळल्यावर ते उघडत नाही. छिद्रांच्या कोपऱ्यांत स्लरी जाड बसणार, ते पूर्ण टाळता येत नाही. वाळवताना ठोकळा आडवा फिरवत छिद्रांतून हलकी हवा सोडा. नुसता ओव्हनमध्ये उभा ठेवलात तर सगळी स्लरी खालच्या तोंडाशी उतरते. १२० अंशांवर दोन तास, मग ५५० अंशांवर दोन तास. एका बुडीत लिटरमागे ४० ते ६० ग्रॅम बसतात. १०० ग्रॅमसाठी दोन बुड्या. या ठोकळ्याचं आतलं क्षेत्रफळ लिटरला सुमारे अडीच चौरस मीटर धरलं तर १०० ग्रॅम म्हणजे ३० मायक्रॉनच्या आसपासचा थर. एकाच बुडीत १०० ग्रॅम बसवण्याचा मोह आवरा. जाड थर वाळताना तडे जातात, कारण पाणी गेल्यावर थर आकसतो आणि खालचा धातू आकसत नाही.

तडे हा इथला कायमचा प्रश्न आहे. तापल्यावर फेक्रॅल अ‍ॅल्युमिनापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. कॉर्डिएराइटच्या सिरॅमिक ठोकळ्यात प्रसरण मुळात नगण्य असतं आणि ते सच्छिद्र असल्याने वॉशकोट शोषून धरतं, म्हणून तिथे पूर्व-ऑक्सिडेशनची भानगड नाही. पकड बसवण्याची ही सगळी मेहनत धातूच्या ठोकळ्याची खरी किंमत आहे, आणि विकणारा ती बिलात लिहीत नाही.

सक्रिय ऑक्साईडसाठी तांबे-मँगनीज ही सुरुवातीला सगळ्यात चांगली जोडी. लिटरला २० ग्रॅम तांबे-मँगनीज स्पिनेल (दोन्ही धातूंचा संयुक्त ऑक्साईड) हवं असेल तर कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट २०.४ ग्रॅम आणि मँगनीज नायट्रेट टेट्राहायड्रेट ४२.३ ग्रॅम. आधी वॉशकोट केलेला ठोकळा नुसत्या पाण्यात बुडवून, फुंकून, किती ग्रॅम पाणी धरतो ते मोजा, आणि तेवढ्याच आकारमानात हे क्षार बसतील असं द्रावण करा. १२० अंशांवर झपाट्याने वाळवा. सावकाश वाळवलंत तर क्षार पाण्याबरोबर तोंडाकडे सरकतात आणि मधला भाग फिका राहतो. मग ५०० अंश, तीन तास. तापवताना नायट्रोजन डायऑक्साईडचा तांबूस-तपकिरी विषारी धूर निघतो. चांगल्या ओढीच्या हुडशिवाय हे काम करू नका, उघड्या शेडमध्येही नाही.

कोबाल्ट वापरणाऱ्यांनी रंगावर लक्ष ठेवावं. कोबाल्ट ऑक्साईड काळा असतो. वापरानंतर ठोकळ्याच्या तोंडाशी निळसर झाक दिसली तर कोबाल्ट अ‍ॅल्युमिनाशी जुळून अ‍ॅल्युमिनेट झालं, म्हणजे ते कामातून गेलं. तांब्याचंही ८०० अंशांच्या आसपास असंच होतं, फक्त इतकं ठळक दिसत नाही. जास्त तापमानाला लँथॅनम मँगनाइट किंवा कोबाल्टाइटसारखे पेरोव्हस्काइट (एका ठरावीक स्फटिकरचनेचे मिश्र ऑक्साईड) बरे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी वाहनांच्या धुरासाठी ते १९७१ सालीच सुचवले होते. त्यांचं पृष्ठक्षेत्र कमी आणि गंधकापुढे ते हतबल, त्यामुळे प्लॅटिनमला त्यांनी मागे टाकलं नाही.

ऑक्साईडची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. प्लॅटिनम-पॅलेडिअमचा ठोकळा तासाला स्वतःच्या आकारमानाच्या लाखपट वायूवरही काम करतो. तांबे-मँगनीजकडून हे होत नाही. २० ते ३० हजारपट धरून चाला. ४०० सीसीचं, ३००० फेऱ्यांचं जनरेटरचं पेट्रोल इंजिन तासाला २९ घनमीटरच्या आसपास हवा ओढतं. त्याला हा १ लिटरचा ठोकळा जेमतेम पुरतो. अर्ध्या लिटरच्या ठोकळ्यावर ऑक्साईड चढवून ‘परिणाम नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हा भागाकार करावा.

पेट्रोल जनरेटरचं मिश्रण दाट असतं, म्हणजे धुरात कार्बन मोनॉक्साईड भरपूर आणि ऑक्सिजन जवळजवळ नाही. ठोकळ्याआधी जादा हवा सोडल्याशिवाय कुठलाही ऑक्साईड काही जाळणार नाही. पण हवा सोडली की दर १ टक्का कार्बन मोनॉक्साईडमागे सुमारे ९० अंश वाढ होते. ४ टक्के असेल तर ४५० अंशांचा धूर ८०० अंशांवर जातो, आणि वर म्हटलेली तांब्याची हद्द तिथेच आहे. म्हणून आधी कार्ब्युरेटर नीट करा, कार्बन मोनॉक्साईड २ टक्क्यांखाली आणा, मग ठोकळा बसवा.

बीएस-६ दुचाकी किंवा कारच्या मूळ कॅटकॉनच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) जागी हा ठोकळा लावू नका. १ एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत नायट्रोजन ऑक्साईड मोडण्यासाठी ऱ्होडिअम आणि लॅम्ब्डा सेन्सरचं (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं) नियंत्रण हे एकत्र चालतं; तांबे-मँगनीज ते काम करत नाही. शिवाय गाडीची मान्यता मूळ कॅटकॉनसकट झालेली असते.

बसवताना कवचाच्या काठापासून किमान २५ मिमी दूर वेल्डिंग करा. सायलेन्सरच्या जोडाला सिलिकॉनची गॅस्केट पेस्ट लावू नका. तिची वाफ काचेसारखा थर बनवून छिद्रं बुजवते आणि पहिले काही सेंटिमीटर मरतात. तेल पिणाऱ्या इंजिनातला फॉस्फरस आणि जस्तही तेच करतो. डिझेलवर लावणार असाल तर लोड कमी असताना काजळी साठते; २००ऐवजी १०० छिद्रांचा ठोकळा घ्या.

स्वीकारायची चाचणी साधी आहे. कोटिंग केलेली पट्टी अल्ट्रासोनिक टबमध्ये पाण्यात अर्धा तास, वाळवून वजन: थराच्या २ टक्क्यांपर्यंत घट चालते, ५च्या वर गेली तर तो सगळा लॉट बाद. मग ८५० अंशांच्या भट्टीतून काढून पंख्यासमोर, असं २० वेळा, आणि पुन्हा अल्ट्रासोनिक. पहिल्या दिवशीचं ९५ टक्के रूपांतर दाखवणारा रिपोर्ट यापुढे फार महत्त्वाचा नाही. तो सगळ्यांचाच चांगला येतो.

ऑर्डर देताना इतकं लिहून घ्या: फॉइलची जाडी ५० मायक्रॉन, अ‍ॅल्युमिनिअम किमान ५ टक्के, दुर्मीळ मृदा धातूंसह मिल सर्टिफिकेट, व्हॅक्यूम ब्रेझिंग, लाटण्याचं तेल न काढता पाठवला असेल तर तसा उल्लेख, आणि त्याच कॉइलची किमान अर्धा मीटर सुटी पट्टी. ठोकळे प्लास्टिकमध्ये बंद करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह मागवा. कोकणपट्टीत किंवा मुंबईत पावसाळ्यात ते उघडे ठेवलेत तर खारट दमट हवेतलं क्लोराईड गुंडाळीत शिरतं आणि धुण्याचं काम दुप्पट होतं.